सस्नेह, इल्वा आणि मंडळी

रविवारी सकाळी इल्वा तेगमार्क ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन तळघरात उतरली, तर लेवेंत अक्सोय बोर्डावरून आपलं कुलूप काढत होता. ती दारातच थबकली.

वेस्तेरोसमधल्या त्या इमारतीत धुलाईखोली सगळ्यांची मिळून एकच. भिंतीवर एक बोर्ड, त्यावर वारांच्या आणि वेळांच्या चौकटी, आणि ज्याला जी वेळ हवी त्या चौकटीत त्यानं आपल्या घराच्या नंबराचं चिमुकलं कुलूप अडकवायचं. या कुलपांवरून तिथं जेवढे रुसवेफुगवे झाले तेवढे वडिलोपार्जित जमिनीवरूनही होत नसतील. अर्थात रुसवे म्हणजे भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. तोंडावर कुणी कुणाला चकार शब्द बोलत नाही, तशी पद्धतच नाही. आणि बोर्डावरून आपलं कुलूप साफ काढून घेतो तो फक्त घर सोडून जाणारा माणूस.

"कुठं निघालास की काय?" इल्वानं विचारलं.

"मायदेशी, एस्किशेहिरला. गुरुवारी." लेवेंतनं कुलूप खिशात टाकलं. "ही वेळ तुम्हाला हवी असेल तर घ्या. रविवार सकाळ आहे, चांगली वेळ आहे."

तुम्ही! इल्वाला ते चांगलंच टोचलं. तीन वर्षांपूर्वी तो बायको निल्युफर आणि मुलीला घेऊन पहिल्या मजल्यावर राहायला आला, तेव्हा त्याची ही अहो-जाहो सोडवायला तिला सहा महिने लागले होते. इथं मंत्र्यालाही लोक अरे-तुरे करतात, असं ती त्याला परोपरीनं सांगायची. शेवटी एकदा याच खोलीत, वाळवणाच्या यंत्रात अडकलेला मोजा ओढून काढताना त्याच्या तोंडून 'इल्वा, तू सोड, मी बघतो' असं गेलं आणि दोघं हसत सुटले होते. आणि आता पुन्हा तुम्ही.

पण रुसायचं तर तिनं रुसायला हवं होतं, असं तिला वाटत होतं. इल्वा रेल्वेच्या ब्रेकचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका छोट्या गटाची प्रमुख. तिच्या गटातली एक जागा शरदापासून रिकामी होती. ऐन हिवाळ्यात ब्रेकचा वाल्व बर्फात अडकायचा, गाड्या उभ्या राहायच्या, गिऱ्हाइकं बोंब मारायची आणि हाताखाली माणूस नाही. इकडे लेवेंत आयुष्यभर तेच काम केलेला. त्याची कंपनी नोव्हेंबरात बंद पडली. परक्या देशातून कामाच्या परवान्यावर आलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर तीन महिने मिळतात. तेवढ्यात दुसरी शोधायची, नाही तर गाशा गुंडाळायचा. इल्वानं त्याला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "आमच्याकडे अर्ज कर. आतून मी काही करू शकणार नाही हं, पण कर." आणि मग ती वाट बघत बसली. अर्ज आलाच नाही.

"तू आमच्याकडे अर्ज केला असतास तर..." ती म्हणाली. म्हणताना आवाजात थोडी खोच आलीच.

लेवेंतनं वळून पाहिलं. "काय म्हणालात?"

"मी सांगितलं होतं तुला. तू केलाच नाहीस. म्हटलं, नसेल आवडत आमची कंपनी, उगाच गळ कशाला घालायची?"

"इल्वा, चेष्टेची वेळ नाही ही."

"चेष्टा कोण करतंय?"

लेवेंतनं फोन काढला, बोटानं बराच वेळ खाली खाली सरकवत नेलं आणि फोन तिच्यापुढे धरला. इल्वानं टोपली खाली ठेवली.

'प्रिय लेवेंत, आमच्याकडे अर्ज करण्यासाठी वेळ काढलास त्याबद्दल मनापासून आभार! तुझा बायोडेटा आम्ही आस्थेनं वाचला. या वेळी मात्र तुझ्याहून अधिक योग्य उमेदवार आम्हाला मिळाले आहेत. पुढच्या वाटचालीसाठी खूप शुभेच्छा. सस्नेह, इल्वा आणि मंडळी.'

खाली एक गोल फोटो. होडीतलं जाकीट, वाऱ्यानं उडालेले केस, तोंडभर हसू. फोटो तिचाच होता.

"हे मी लिहिलेलं नाही," इल्वा म्हणाली.

"फोटो तुमचा आहे."

"अरे, फोटो माझा आहे, पण मी... तुझा अर्ज मी पाहिलासुद्धा नाही!"

"अर्ज पाठवला आणि मी चहा ओतायला उठलो," लेवेंत शांतपणे म्हणाला. "पेला घेऊन परत येतो तर उत्तर हजर. रविवार होता. निल्युफर म्हणाली, बघ, शेजारीण कशी कामाला धावली, सुट्टीच्या दिवशीसुद्धा लगेच वाचलंन. आम्ही दोघं खूश. मग उघडलं."

इल्वा धुलाईयंत्राला टेकून उभी राहिली. "मग वर येऊन विचारलं का नाहीस मला?"

"काय विचारू? 'मी तुम्हाला का नको' म्हणून? तेवढी लाज आहे अजून. आणि अर्ज दिसला नाही तर तुम्ही का नाही आलात खाली? दोन मजले तर आहेत."

तिथं न कळवता कुणी कुणाच्या दाराची घंटा वाजवत नाही. सख्खी आईसुद्धा आधी मेसेज टाकते. अडचणीतल्या माणसाला 'काय झालं' असं विचारणं म्हणजे त्याच्या ताटात डोकावणं. दोन महिने दोघंही एकाच जिन्यानं चढत-उतरत होते, एकमेकांवर मनातून नाराज होते आणि हवापाण्याबद्दल बोलत होते.

सोमवारी कचेरीत पोचल्या पोचल्या इल्वानं कोटही न काढता एचआरच्या युआकिमचं टेबल गाठलं. युआकिम तसा भला माणूस. रोज वेगळ्या रंगीत मोज्यांत येणारा, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा. शरदात त्यानंच अर्ज निवडणारा तो प्रोग्रॅम आणला होता, आणि कचेरीत सगळे त्याला चाळणी म्हणायचे.

"आपल्या जागेला अर्ज किती आले?"

"पुष्कळ की! तीनशेच्या वर."

"तू तर दर आठवड्याला सांगतोयस, कुणीच नाही म्हणून!"

"योग्य कुणीच नाही, असं म्हणतोय मी," युआकिम म्हणाला. "चाळणीतून कुणी खाली पडलंच नाही. तुला फुकटचा त्रास कशाला? म्हणून तर चाळणी घेतली ना आपण."

"आणि माझ्या नावानं पत्रं? माझा फोटो?"

"तूच तर हो म्हणालीस." युआकिमला खरंच आश्चर्य वाटलं. "बैठकीत ठरलं नाही का, नकाराचं पत्र कोरडं वाटू नये, आपल्यातल्याच कुणाच्या तरी नावानं जावं म्हणून? तुझा होडीतला फोटो सगळ्यांना आवडला. तू म्हणालीस, चालेल."

इल्वाला आठवलं. तोंडात वेलदोड्याचा बन होता आणि ती खरंच 'चालेल' म्हणाली होती.

"उघड," ती म्हणाली. "सगळे उघड."

युआकिमनं ढीग उघडला. एकाखाली एक नावं, प्रत्येक नावापुढे लाल ठिपका. शिकून नुकतीच बाहेर पडलेली पोरं, सिग्नलच्या कामात हयात गेलेली माणसं, बाळंतपणानंतर कामावर परतू पाहणाऱ्या बाया. एका नावाशी इल्वा थांबली. हस्से! तिच्या पहिल्या नोकरीतला सोबती. जानेवारीत पोहण्याच्या तलावावर तिनं त्याला हाक मारली होती, तर तो मान फिरवून कपडे बदलायच्या खोलीत निघून गेला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, चष्मा नसेल घातला. आता कळलं. त्या माणसाच्या फोनमध्ये तिचं ते तोंडभर हसू होतं. तीनशे घरांत होतं. तीनशे जणांना तिनं हसत हसत, शुभेच्छा देऊन हाकललं होतं, आणि तिला पत्ताच नव्हता.

साडेनऊला फिक्याची वेळ झाली. फिका म्हणजे कॉफी आणि बन, पण तो चुकवला तर आभाळ कोसळतं असा थाट. खरे निर्णय तिथंच होतात. इल्वानं युआकिमला संगणकासकट तिथं ओढत नेलं. गुनिला, म्हणजे विभागाची प्रमुख, बन कापत होती. निवृत्तीला टेकलेला एवर्त नेहमीच्या खुर्चीत होता. वाल्वचा मूळ प्रोग्रॅम त्यानं लिहिलेला, कचेरीत त्याच्याएवढं बोलणारं दुसरं कुणी नाही.

"तीनशे माणसं आली आणि एकही आत येत नाही," इल्वा म्हणाली. "हे होतं तरी कसं?"

युआकिमनं अटी पडद्यावर लावल्या. त्या वाचता वाचता एकेकाला आठवायला लागलं. ऑक्टोबरमधला असाच एक फिका. गुनिला म्हणाली होती, सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेऊ. एवर्त म्हणाला, वाल्वच्या प्रोग्रॅमची जुनी भाषा यायलाच हवी. लगेच तरुण मंडळींनी नव्यातली नवी भाषा मागितली. गिऱ्हाइकं जर्मनीतली म्हणून कुणी जर्मन मागितली. गुनिलाला चार माणसं सांभाळलेला हवा होता. युआकिमला नोकरीत सहा महिन्यांहून मोठा खंड नको होता. इल्वानंही एक अट घातली होती. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही. सोबत्याची अट कापायची म्हणजे त्याच्या बशीतला बन उचलण्यासारखं. आता या चाळणीत दोन रकाने असतात, 'हवंच' आणि 'असलं तर बरं'. पण एकाची अट 'हवंच'मध्ये घालायची आणि दुसऱ्याची 'असलं तर बरं'मध्ये, म्हणजे त्याला कमी लेखल्यासारखं होतं. म्हणून सगळ्यांच्या सगळ्या 'हवंच'मध्ये गेल्या. सगळे खूश झाले आणि कामाला लागले.

"माझा बायोडेटा घाल बघू आत," एवर्त एकदम म्हणाला.

"अरे, तू कशाला..."

"घाल म्हणतो ना!"

युआकिमनं घातला. एवर्तनं कॉफीचा घोट घेतला आणि तो गिळायच्या आत त्याचा फोन वाजला. त्यानं चष्मा कपाळावर चढवून मोठ्यांदा वाचलं, "प्रिय एवर्त, तुझा बायोडेटा आम्ही आस्थेनं वाचला. तुझ्याहून अधिक योग्य उमेदवार... सस्नेह, इल्वा आणि मंडळी!" टेबलावर हशा पिकला. एवर्तनं इल्वाला वाकून मुजरा केला. "बाईसाहेब, बत्तीस वर्षांनी का होईना, कळवलंत. उपकार झाले."

मग सगळ्यांनाच सुरसुरी आली. एकेकाचा बायोडेटा आत जात होता आणि फोन वाजत होते. तरुण मंडळी बाद, त्यांना जुनी भाषा येत नव्हती. गुनिला बाद, तिला जर्मन येत नव्हती. युआकिमनं स्वतःचा घालायचं टाळलं, तर त्याला सोडलं नाही. मुलासाठी घेतलेल्या मोठ्या रजेपायी तो स्वतःच्याच अटीवर बाद. शेवटी इल्वाचा. 'प्रिय इल्वा, या वेळी मात्र... सस्नेह, इल्वा.' आपल्याच गोल चेहऱ्याकडे ती बघत राहिली. हसणं कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकही माणूस त्या टेबलाशी बसायच्या लायकीचा नव्हता. गुनिलाच्या हातात सुरी तशीच राहिली होती.

"लेवेंत अक्सोय," इल्वा म्हणाली. "त्याचा काढ."

युआकिमनं काढला. पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागली. जुनी भाषा, हिरवी. नवी भाषा, हिरवी. गेल्या वर्षी तो संध्याकाळचे वर्ग करायचा ते इल्वाला ठाऊक होतं. जर्मन, हिरवी, लहानपणी तो श्टुटगार्टला काकांकडे वाढलेला. चार माणसं सांभाळलेली, हिरवी. खंड नाही, हिरवी.

"अरे देवा," एवर्त पुटपुटला. "असा माणूस असतो?"

आणि सगळ्यात खाली एक लाल. 'हिवाळी चाचण्या, बर्फातला अनुभव.'

ती अट इल्वाची होती.

"इथं चाळणी विचारते, चाचण्या कुठं केल्या?" युआकिम सांगत होता. "ठिकाणं आपण भरायची असतात. मी आपल्या उत्तरेतलं किरुना घातलं, लुलेओ घातलं, नॉर्वे, फिनलंड, सगळं घातलं. या माणसानं लिहिलंय कार्स आणि सारिकामिश. हे कुठं आलं?"

"तुर्कस्तानात," इल्वा म्हणाली.

"तिथं बर्फ पडतो?"

तिथं बर्फ पडतो की नाही ते इल्वाला चांगलं ठाऊक होतं. ऑक्टोबरात, आपली कंपनी बुडतेय हे लेवेंतनं जेव्हा तिला धुलाईखोलीत सांगितलं, तेव्हाच त्यानं कार्सची गोष्ट सांगितली होती. उणे तीस, मिशांना लागलेला बर्फ, घाटात उभी राहिलेली मालगाडी, आणि वाल्वच्या पोटात हात घालून दोन रात्री काढलेला तो. ऐकता ऐकता इल्वाच्या मनात आलं होतं, हाच माणूस आपल्याला हवा. पण सरळ कसं सांगायचं? 'माझ्या इमारतीत एकजण आहे' म्हटलं की झालीच वशिलेबाजी. ओळखीचा माणूस घुसवला म्हणून उद्या कुणी बोट दाखवलं तर? म्हणून दुसऱ्या दिवशी फिक्याला तिनं अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, बर्फातल्या चाचण्या केलेला माणूस हवा, नाही का? मनात हिशेब असा, की ही अट फार थोड्यांना पुरी करता येईल, लेवेंत आपसूक वर येईल, आणि आपले हात स्वच्छ राहतील. त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःवर फार खूश होती.

तिनं हे सगळं तिथंच सांगून टाकलं.

"मग बसलात काय?" एवर्त कडाडला. "फोन उचला आणि बोलवा त्याला! पुलाच्या पलीकडं तर राहतो!"

"हे भयंकर झालंय," गुनिला हळू आवाजात म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "आपण दुरुस्त करू. पण त्याला एकट्यालाच बोलावलं तर बाकीच्या तीनशेंवर अन्याय, बरोबर ना? अट काढून टाकू. त्यानं पुन्हा अर्ज करावा. आज केला तर उद्याच बघू. सगळ्यांना चालेल?"

"त्याची गुरुवारची तिकिटं आहेत, गुनिला," इल्वा म्हणाली.

"म्हणूनच म्हणते, आजच करू दे. आणि इल्वा, तू त्याला कसलाही शब्द देऊ नकोस. तुझी ओळख आहे म्हणून तर जास्तच."

माना डोलल्या. एवर्तची नाही डोलली. त्यानं बन अर्धा टाकला आणि उठून गेला. इल्वाची मात्र डोलली. सवयीनं डोलली.

दुपारी तिनं पहिल्या मजल्यावरची घंटा वाजवली. न कळवता. दार निल्युफरनं उघडलं. हातात चिकटपट्टी, मागे खोक्यांची उतरंड. "या," ती म्हणाली, पण हसली नाही. छोटी डेफ्ने एका खोक्यावर बसून पाय हलवत होती. एरवी इल्वाला पाहून ती मावशी-मावशी करत धावायची. चहाचे पेले तेवढे बांधायचे राहिले होते, म्हणून चहा मिळाला.

इल्वानं काहीही लपवलं नाही. चाळणी, तीनशे माणसं, अटी, सगळ्यांचे बाद झालेले बायोडेटा, कार्स, आणि शेवटी ती अट कुणाची आणि कशासाठी तेही. लेवेंत ऐकत होता. मधेच त्याची भुवई वर गेली.

"थांबा थांबा. म्हणजे ती अट माझ्यासाठी होती?"

"हो."

"मला आत घ्यायला?"

"हो रे!"

लेवेंत हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पेला हिंदकळला. "माझ्या मिशा गोठल्या, बोटांची नखं गेली, आणि तुमच्या यंत्राला वाटलं मी उन्हाळ्यात गाड्या थांबवत होतो!" निल्युफरनं तुर्कीत काहीतरी विचारलं, त्यानं तिला सांगितलं. ती हसली नाही. चिकटपट्टी खाली ठेवून ती इल्वाला म्हणाली, "तुमच्याकडे एखाद्याला मदत करायची असली तर ती त्याच्यापासूनही लपवायची असते का?"

इल्वानं गुनिलाचा निरोप सांगितला. अट काढलीय, पुन्हा अर्ज कर.

"पुन्हा?" लेवेंत म्हणाला.

"आता अडणार नाही. सगळं हिरवं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. कर ना."

तिच्यासाठीच म्हणून तो उठला. खोक्यावर लॅपटॉप ठेवून, उभ्या उभ्या त्यानं तोच बायोडेटा जोडला, बटण दाबलं. निल्युफर त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली, डेफ्नेही आली. चौघंही पडद्याकडे बघत होते. इल्वानं पेला उचललासुद्धा नव्हता.

फोन वाजला.

'प्रिय लेवेंत, आमच्याकडे अर्ज करण्यासाठी वेळ काढलास त्याबद्दल मनापासून आभार!'

"मावशी, हा तुझा फोटो," डेफ्ने म्हणाली.

इल्वानं युआकिमला फोन लावला. मागे पोरांचा गलका होता. "हां, ते होय," युआकिम म्हणाला, "सहा महिन्यांत दुसऱ्यांदा अर्ज केला की ती आपोआप बाहेर टाकते. ते मुळातच तिच्यात असतं, माझ्या लक्षातच आलं नाही. फार सॉरी, इल्वा. उद्या सकाळी बघतो हं. आत्ता पाळणाघरात आलोय, पोराचा एक बूट सापडत नाहीये."

तिनं फोन ठेवला. काही सांगायची गरज नव्हती. आवाज खोलीभर ऐकू गेला होता.

लेवेंतनं लॅपटॉप मिटला. खुर्ची ओढून तो तिच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"इल्वा," तो म्हणाला, "आता तू सांग. यंत्र राहू दे, गुनिला राहू दे. तू. तुझ्या गटात मी तुला हवाय की नको? तू नुसतं हो म्हण. मी तिकिटं रद्द करतो, परवान्याच्या कचेरीच्या दारात जाऊन बसतो, बाकी माझं मी बघतो. पण कुणीतरी माणसानं आपल्या तोंडानं मला हो म्हणायला हवं."

तो तू म्हणाला होता. इल्वाच्या गळ्यापर्यंत 'हो' आला होता. तिला तो हवा होता, ऑक्टोबरपासून हवा होता, अख्ख्या वेस्तेरोसमध्ये त्याच्याएवढा योग्य माणूस नव्हता आणि हे तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

"मला एकदा सगळ्यांशी बोलून घ्यावं लागेल," ती म्हणाली. "पण तू विचारलंस, खूप बरं वाटलं."

आपला आवाज तिला ऐकू आला. मऊ होता, प्रेमळ होता, शुभेच्छांनी भरलेला होता. तिला तो ओळखू आला, त्या पत्रातलाच होता. घाईघाईनं ती पुढं काहीतरी म्हणू लागली, "म्हणजे तसं नाही, लेवेंत, मला म्हणायचं होतं..." पण तो उठला होता. तो रागावला नाही. त्यानं सावकाश मान हलवली, चिकटपट्टी उचलून बायकोच्या हातात दिली, आणि खिशातून ते चिमुकलं कुलूप काढून इल्वाच्या तळहातावर ठेवलं.

"हे तेवढं केअरटेकरला द्या," तो म्हणाला. "आणि रविवार सकाळची वेळ घेऊन टाका तुम्ही. खरंच चांगली वेळ आहे."